जेवलीस का?

एप्रिल २०२१. पुण्यात रात्रंदिवस ॲम्ब्युलन्सचे भोंगे वाजत होते. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर लष्करातून निवृत्त झालेल्या एक नर्सिंग ऑफिसर राहतात. आम्ही सगळे त्यांना ‘मेजर मॅडम’ म्हणतो. रात्री आठ वाजले की त्या गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या. मांडीवर जुनी डायरी, कानाला फोन. पलीकडे कधी त्यांच्याच बॅचची मैत्रीण, तर कधी हाताखाली तयार झालेली, आता कोविड वॉर्डात असलेली एखादी कॅप्टन. प्रश्न ठरलेले असायचे. ड्यूटी कुठली? पीपीई किट किती तास अंगावर होतं? घरी आई कशी आहे? आणि शेवटी, समोरची मल्याळी असेल तर मोडक्यातोडक्या मल्याळममध्ये, पंजाबी असेल तर हिंदीत, मराठी असेल तर मराठीत, तेच एक वाक्य : जेवलीस का?

फोन ठेवला की त्या डायरीत नावापुढे खूण करायच्या. एखादीने दोन दिवस फोन उचलला नाही, तर तिसऱ्या दिवशी तिच्या मेट्रनला फोन जायचा. ही कुठली नोंदणीकृत संघटना नव्हती की कुणाचा आदेश नव्हता. पण लष्करी परिचर्या सेवा, म्हणजे मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, महामारीत आतून कशी उभी राहिली, हे मला त्या गॅलरीत समजलं.

या सेवेची ओळख आपल्याकडे फार थोड्यांना आहे. भूदल, नौदल, हवाई दल अशा तिन्ही दलांच्या रुग्णालयांत याच सेवेच्या परिचारिका असतात. त्या अधिकारी असतात आणि लेफ्टनंटपासून मेजर जनरलपर्यंत पायऱ्या चढतात. खाटेवरच्या जवानासाठी त्या ‘सिस्टर’, हाताखालच्यांसाठी ‘मॅडम’. पुण्यात वानवडीला एएफएमसीचं, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाचं, नर्सिंग कॉलेज १ ऑगस्ट १९६४ रोजी सुरू झालं. मुंबईत कुलाब्याला नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयातही असं कॉलेज आहे. बारावी सायन्स झालेल्या मुली इथे येतात आणि चार वर्षं एका होस्टेलात राहतात. पहाटे एकत्र उठतात, पहिला मृत्यूही बहुधा एकमेकींच्या सोबतीनेच पाहतात. पुढे बदल्या होऊन एक लेहला, दुसरी जोरहाटला जाते, तरी बॅच सुटत नाही. या बायकांसाठी बॅच म्हणजे दुसरं माहेर.

या सेवेच्या कहाणीची सुरुवात मुंबईच्या बंदरातच होते. २८ मार्च १८८८ रोजी लष्करी रुग्णालयांतली शुश्रूषा नीट लावण्यासाठी दहा प्रशिक्षित परिचारिका इंग्लंडहून इथे उतरल्या. त्यांच्यात कॅथरीन ग्रेस लॉक होत्या. त्यांनी पुढे रावळपिंडीत या कामाची घडी बसवली. प्रशिक्षित परिचारिकांची मागणी सरकारकडे लावून धरणाऱ्यांत सरसेनापती रॉबर्ट्स यांच्या पत्नी लेडी रॉबर्ट्स होत्या. त्यांनी आणखी एक गोष्ट केली आणि मला ती फार मोलाची वाटते. कॉलरा आणि विषमज्वराच्या वॉर्डांत राबून परिचारिका स्वतःच अंथरूण धरणार, हे ओळखून त्यांनी वर्गणी जमवली आणि मरी, कसौली अशा थंड हवेच्या ठिकाणी परिचारिकांसाठी विश्रामगृहं उभी केली. शुश्रूषा करणारीलाही शुश्रूषा लागते, हे भान या सेवेत पहिल्या दिवसापासून होतं. ते नंतर कधी टिकलं, कधी सुटलं.

महामारीही या सेवेला नवी नाही. जून १९१८मध्ये मुंबईत गोदीतल्या पहाऱ्यावरच्यासह सात पोलीस शिपायांना ताप भरला, आणि काही दिवसांत शहर आजारी पडलं. त्या वर्षी ६ ऑक्टोबरला एका दिवसात मुंबईत ७६८ माणसं गेली. हीच मुंबई तेव्हा मेसोपोटेमियाच्या आघाडीवरून जहाजांनी येणाऱ्या जखमींची धर्मशाळा झाली होती. आज आपण मुलांना घेऊन ज्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जातो, त्याची इमारत संग्रहालय म्हणून खुली होण्याआधी, पहिल्या महायुद्धात, लष्करी रुग्णालय म्हणून वापरली गेली. त्या घुमटाखाली खाटा होत्या. इथल्या युद्ध रुग्णालयांत ब्रिटिश परिचारिकांच्या जोडीला ऑस्ट्रेलियातून आलेल्याही होत्या. काही परत गेल्याच नाहीत. खडकीच्या युद्धस्मारकावर सैनिकांच्या नावांत परिचारिकांचीही नावं कोरलेली आहेत. पुण्यात राहून आपण किती जण तिथे थांबून ती वाचतो?

१ ऑक्टोबर १९२६ रोजी ही सेवा भारतीय लष्कराचा कायमचा भाग झाली. १९४३च्या वटहुकमाने परिचारिकांना अधिकारीपदाचा दर्जा मिळाला. ऑगस्ट १९७६मध्ये गर्ट्रूड ॲलिस राम मेजर जनरल झाल्या. भारतीय लष्करात त्या हुद्द्यावर पोहोचलेली पहिली स्त्री एक परिचारिका होती, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवी.

मग २०२० उजाडलं. जागतिक आरोग्य संघटनेने ते परिचारिका आणि सुईणींचं वर्ष म्हणून आधीच जाहीर केलं होतं, कारण त्या वर्षी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्माला दोनशे वर्षं होत होती. फेब्रुवारीत वुहानहून आणलेल्या भारतीयांसाठी लष्कराने मानेसरला विलगीकरण केंद्र उघडलं. मार्चमध्ये इराणहून आलेले यात्रेकरू मुंबईत घाटकोपरला नौदलाच्या केंद्रात ठेवले गेले. जुलैत दिल्ली कॅन्टोन्मेंटला हजार खाटांचं, त्यात २५० अतिदक्षता खाटा असलेलं रुग्णालय उभं राहिलं. संरक्षण संशोधन संस्था डीआरडीओने ते बारा दिवसांत बांधलं आणि चालवायला सशस्त्र दलांच्या वैद्यकीय सेवेकडे दिलं. भिंती बारा दिवसांत होतात. रात्री तीन वाजता व्हेंटिलेटरचा आवाज नुसता ऐकून ट्यूबमध्ये कफ अडकलाय हे ओळखणारी सिस्टर घडायला वर्षं लागतात.

किट घालणं म्हणजे काय, हे मेजर मॅडमनी एकदा मला समजावून सांगितलं. आधी पाणी बेताने प्यायचं, कारण मधे बाथरूमला जाता येत नाही. केस घट्ट बांधायचे. एन-९५ मास्कची पट्टी नाकावर दोन्ही हातांच्या बोटांनी दाबून बसवायची. ग्लोव्हजच्या दोन जोड्या, त्यातली वरची गाउनच्या बाहीवर ओढून घ्यायची. गॉगल वाफेने धूसर होतो, शीर दिसत नाही, आणि दुहेरी ग्लोव्हजमधून ती बोटांनाही नीट लागत नाही. तशा हातांनी सलाइन लावायचं. सगळ्यांचे पोशाख सारखेच, म्हणून छातीवर मार्करने नाव लिहायचं. आणि खरा धोका किट उतरवताना. तेव्हा समोर एक जोडीदारीण उभी असते. ती एकेक पायरी मोठ्याने सांगते. आठ तासांनी डोकं बधिर झालेलं असताना, हात चेहऱ्याकडे जाण्याआधी ती ओरडून थांबवते. मॅडम म्हणाल्या, “आमची संघटना म्हणजे ती आरशासारखी समोर उभी असलेली मुलगी.”

दुसऱ्या लाटेत मनुष्यबळ किती ताणलं गेलं, हे एका आकड्यावरून दिसतं. २९ एप्रिल २०२१ रोजी अहमदाबादच्या कोविड रुग्णालयासाठी नौदलाने ५७ जणांचं पथक पाठवलं. त्यात डॉक्टर चार, परिचारिका सात. त्याच आठवड्यात, २६ एप्रिलला, संरक्षणप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी पंतप्रधानांना सांगितलं होतं, की गेल्या दोन वर्षांत निवृत्त झालेल्या वैद्यकीय मनुष्यबळाला घराजवळच्या कोविड केंद्रांत परत बोलावलं जात आहे. दोन वर्षांहून आधी निवृत्त झालेल्यांना केंद्रांत बोलावणं नव्हतं. मेजर मॅडम त्यांच्यातल्या. त्यांनी फोन हातात घेतला. आमच्या सोसायटीत घरोघरी त्यांनीच ऑक्सिमीटर कसा वाचायचा ते शिकवलं. दम लागलेल्याला पालथं झोपवायला लावणाऱ्याही त्याच. पण रात्रीचे आठ मात्र त्यांच्या मुलींसाठी राखलेले असायचे.

त्याच्या आदल्या वर्षी, ३ मे २०२० रोजी, हेलिकॉप्टरमधून देशभरच्या रुग्णालयांवर फुलं उधळली गेली. मुंबईत ‘अश्विनी’वरही ती पडली. त्या फुलांत खरी कृतज्ञता होती, याबद्दल मला शंका नाही. पण परिचारिकेचा सन्मान तिच्या सेवाशर्तींमध्येही दिसायला हवा, आणि तिथे आपण फार उशीर केला आहे. १९७७च्या एका लष्करी नियमानुसार लग्न केलं म्हणून परिचारिकेला सेवेतून काढता येत होतं. पुरुषांना असा नियम नव्हता. तो १९९५मध्ये मागे घेतला गेला. १९८८मध्ये त्याच नियमाने घरी पाठवलेल्या एका लेफ्टनंटला न्याय मिळायला फेब्रुवारी २०२४ उजाडावं लागलं. सर्वोच्च न्यायालयाने हा नियम उघडउघड मनमानी ठरवला आणि तिला ६० लाख रुपये द्यायला सांगितलं. मधली छत्तीस वर्षं कुणीच परत देऊ शकत नाही. ज्या सेवेच्या सुरुवातीच्या काळात परिचारिकांसाठी डोंगरावर विश्रामगृहं बांधली गेली, तिच्याच इतिहासात हे पानही आहे, आणि ते झाकून ठेवण्यात काही अर्थ नाही.

मेजर मॅडमची ती डायरी अजून त्यांच्याकडे आहे. प्रत्येक पानावर नावं, तारखा, खुणा. दोन नावांपुढे खूण नाही. त्यांबद्दल त्या बोलत नाहीत, आणि मी विचारत नाही.

१ ऑक्टोबर २०२६ ही या सेवेच्या शंभराव्या वर्धापनदिनाची तारीख. पुण्यात वानवडी, खडकी, घोरपडी या भागांत, मुंबईत कुलाब्याला आणि नाशिकला देवळालीला लष्करी वस्तीच्या आसपास निवृत्त परिचारिका भेटतात. महामारीत त्यांनी काय पाहिलं, काय केलं, हे बहुतेकींनी कुठे लिहून ठेवलेलं नाही. तुमच्या शेजारी अशी कुणी असेल तर तिच्याकडे जा, तिचं ऐका आणि लिहून घ्या. आणि उठण्याआधी तिला विचारा, जेवलात का?