उन्हाळी शिबिरात नाटकाचा कलावंत बोलावताय? शाल-नारळ नंतर, आधी शिकवणं

धान निघाले की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम लागतो. दिवाळीनंतर मंडई, मग शंकरपट, अशा निमित्तानं गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या गावागावांत रात्रभर प्रयोग चालतात. होळीच्या आसपास हंगाम आटोपतो आणि कलावंत मोकळे होतात. कोणी शेतीकामाला लागतो, कोणी तेंदूपत्त्याला जातो. त्याच दिवसांत शाळांना सुट्टी लागते. त्यामुळे मुलांच्या उन्हाळी कला शिबिरात व्यावसायिक कलावंत बोलावणं आपल्या भागात अवघड नाही. शहरातून पाहुणा आणायचीही गरज नाही.

पण बऱ्याच ठिकाणी होतं असं की, कलावंत येतो, सत्कार होतो, दोन-तीन भाषणं होतात, सेल्फी निघतात आणि कार्यक्रम संपतो. लेकरांच्या हाती काही लागत नाही आणि कलावंताचाही दिवस जातो.

एका दिवशी एकच गोष्ट

दोन तासांत नाटक बसत नाही. पण एक गोष्ट नीट शिकवून होते. कलावंताला आधीच विचारून ती ठरवावी.

आवाजाचंच घ्या. माईक असला तरी वाक्याचा शेवटचा शब्द पडला तर मागच्या माणसाला काहीच कळत नाही. मैदानाच्या एका टोकाला एक मूल, दुसऱ्या टोकाला दुसरं. ओरडायचं नाही, पोटातून श्वास घेऊन वाक्य शेवटपर्यंत न्यायचं. पलीकडच्यानं ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं सांगायचं. कुठं चुकलं ते मुलांना स्वतःच कळतं.

दुसरी गोष्ट प्रॉम्प्टरची. एका हंगामात नटाच्या वाट्याला बरीच नाटकं येतात, तालमीला वेळ थोडा मिळतो. म्हणून आडोशाला बसून संवाद पुरवणारा माणूस झाडीपट्टीत फार महत्त्वाचा. शिबिरात हे काम आळीपाळीनं मुलांना द्यावं. त्याला नटाच्या एक वाक्य पुढं राहून, हळू पण स्पष्ट वाचावं लागतं. वाचनात मागं असलेलं, स्टेजवर जायला लाजणारं लेकरू इथं रमतं. त्याच्या वाचनाचा सरावही होतो.

वादक आले असतील तर प्रत्येक मुलाचा सूर पेटीवर काढून द्यावा. सगळ्यांना एकाच पट्टीत गायला लावलं की अर्धी मुलं गप्प बसतात.

रंगाची काळजी

रंगभूषा मुलांना सगळ्यात जास्त आवडते. पण जुन्या रंगपेटीतलं मुरदाडशिंग लेकरांच्या चेहऱ्याला लावू नये. त्यात शिसं असतं आणि ते अंगात गेलं तर अपाय होतो. त्वचेसाठीच बनवलेले रंग वापरावेत, तेही आधी हाताला थोडे लावून पाहावेत. खाज किंवा लाली आली तर रंग लगेच धुवावा.

वेळ संध्याकाळची

मे महिन्यात पहाटेच घरची माणसं तेंदूपत्ता तोडायला जंगलात जातात. दुपारी पुडे बांधणं चालतं. बरीच लेकरं सोबत जातात किंवा घरी लहान भावंडं सांभाळतात. सकाळी शिबिर ठेवलं तर ज्यांच्या घरी मजुरीशिवाय भागत नाही, नेमकी तीच मुलं बाहेर राहतात. दुपारी पारा ४४-४५ अंशांवर असतो, तेव्हा तर नकोच. संध्याकाळी पाच ते सात ही वेळ बहुतेकांना जमते. पिण्याचं पाणी जवळ ठेवावं. पाहुणा कितीही ओळखीचा असला तरी गावातल्या दोन मोठ्या माणसांनी पूर्णवेळ तिथं थांबावं, त्यात एक बाई असावी.

मुलींना प्रश्न विचारू द्या

झाडीपट्टीच्या नाटकांत स्त्री भूमिकांसाठी बऱ्याचदा नागपूर, पुणे, मुंबईकडून कलावंत येतात. गावात नाटक सगळ्यांना पाहिजे, पण आपली पोरगी नाटकात गेलेली अनेक घरांना चालत नाही. म्हणून जमलं तर एखादी अभिनेत्री बोलवावी आणि अर्धा तास नुसत्या प्रश्नांसाठी ठेवावा. रात्रीचा प्रवास कसा होतो, पैसे कसे ठरतात, घरचे काय म्हणतात, शिक्षण किती झालं, हे मुलींना तिच्याकडूनच कळू द्या. आयांनाही बसवा. पोरीनं पुढं नाटकात जावं की न जावं, ते घरानं ठरवावं. पण ऐकीव गोष्टींवर ठरवू नये.

मानधन आधी ठरवा

"आपलाच माणूस आहे, तो काय पैसे मागणार?" असं पुष्कळदा म्हटलं जातं. पण उन्हाळ्यात त्याच्याकडे प्रयोग नसतात. शिबिराला येतो म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडून येतो. रक्कम लहान असली तरी आधी सांगावी, जाण्यायेण्याचा खर्च वेगळा द्यावा आणि पैसे त्याच दिवशी हातात द्यावेत. हार, शाल, फलक यांचा खर्च वाचवला तरी यातलं बरंच भागतं. मोबदला देताना मुलांना दिसला तर उत्तमच. कला हे काम आहे, त्यावर घर चालतं, हे त्यांना तिथं समजतं.

याच मातीतले झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ते गडचिरोली जिल्ह्यातले. असे मोठे कलावंत प्रत्येक गावाला मिळणार नाहीत, पण पेटीवाला, तबलजी, विनोदी नट, प्रॉम्प्टर यांपैकी कोणीतरी आसपासच्या गावात राहतोच. आधी तिथं विचारावं. नाही जमलं तर वडशाला नाट्यमंडळांची कार्यालयं आहेत, तिथून माणूस कळतो. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, पण जून लागला की धानाच्या पऱ्ह्यांची घाई सुरू होते. म्हणून शिबिर मे महिन्यातच उरकावं, आणि कलावंताशी बोलणी एप्रिलमध्येच करून ठेवावी.