धरणाकाठचा मुक्काम : लहान मुलांसह येणाऱ्या कुटुंबांसाठी यजमान शेतकऱ्याने करावयाची तयारी



मावळातील पवना धरणाच्या काठावर, लोहगड, तुंग आणि तिकोना या किल्ल्यांच्या परिसरात, त्याचप्रमाणे अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या जलाशयाकाठी तंबूत मुक्काम करण्यास शहरातील कुटुंबे मोठ्या संख्येने येतात. राज्य शासनाने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणि २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. त्यामुळे झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली गाडी घेऊन पाण्याकाठी उतरणारी कुटुंबेही आता दिसू लागली आहेत. धरणाकाठी थोडीफार जमीन असणाऱ्या शेतकऱ्यास हा चांगला पूरक व्यवसाय आहे.

या पाहुण्यांबरोबर दोन-चार वर्षांची मुले असतात. पाणी पाहून मूल धावते, आणि पाण्याखाली काय आहे हे त्याच्या आईवडिलांनाही ठाऊक नसते. ते ठाऊक असते तुम्हाला. म्हणून मुलांच्या सुरक्षिततेची पहिली जबाबदारी यजमानाची समजावी.

जागेची निवड

धरणासाठी संपादित झालेली काठाची जमीन जलसंपदा विभागाची असते. तंबू स्वतःच्या गटातील जमिनीवरच उभारावेत आणि आवश्यक त्या परवानग्या आधी घ्याव्यात. जागा उंचवट्यावरची, निचऱ्याची व मुरमाड असावी. वाळक्या फांद्यांची झाडे आणि विजेच्या तारा यांखाली तंबू ठोकू नयेत.

पाणी ओसरल्यावर उघडा पडलेला गाळ वरून वाळलेला दिसतो, पण पापुद्र्याखाली तो मऊ असतो. त्यावर गाडी रुतते आणि मुलाचा पाय गुडघ्यापर्यंत अडकतो. गाडीतळ काठापासून दूर करावा, त्यावर मुरूम पसरून दाबून घ्यावा आणि गाडी वळविण्यास पुरेशी जागा ठेवावी.

कुंपण मुक्कामाच्या जागेला घालावे

धरणाचा काठ स्थिर नसतो. पावसाळ्याच्या अखेरीस पाणी शेताच्या बांधाशी असते, तर मे महिन्यात तेच कितीतरी खाली गेलेले असते. काठाने घातलेले कुंपण त्यामुळे काही महिन्यांतच निरुपयोगी ठरते. त्याऐवजी तंबू, गाड्या व खेळण्याची जागा यांच्या सभोवती कुंपण घालावे. तीन वर्षांचे मूल ३० मीटर अंतर एका मिनिटाच्या आत सहज पार करते, म्हणून केवळ अंतरावर विसंबू नये.

कुंपणाची उंची किमान ४ फूट असावी. बांबू उभे लावावेत व दोहोंतील फट ४ इंचांपेक्षा कमी ठेवावी. पाय ठेवून चढता येतील अशा आडव्या पट्ट्या बाहेरच्या अंगास असाव्यात. फाटक आपोआप मिटणारे असावे व त्याची कडी मुलाच्या हाताला लागू नये. आत वाळूचा ढीग, झोपाळा आणि कोंबड्या-वासरे पाहण्याची सोय केल्यास मुले तेथेच रमतात.

पाण्याखालची जमीन दाखवावी

धरण होण्यापूर्वी तेथे नदी होती, ओढे होते, शेते व विहिरी होत्या. गुडघाभर पाण्यात चालणारे माणूस जुन्या ओढ्याच्या कडेवरून एका पावलात डोक्याएवढ्या पाण्यात जाते. हे खड्डे वरून दिसत नाहीत.

मे महिन्यात पाणी सर्वांत कमी असताना गावातील जाणत्या मंडळींना बरोबर घेऊन काठाची पाहणी करावी. जुनी विहीर, ओढ्याचा उतार, पडक्या भिंती, झाडांचे बुंधे व गाळाची जागा यांची नोंद करून साधा नकाशा काढावा. तो फाटकाजवळच्या फलकावर रंगवावा आणि धोक्याच्या जागी उंच खांब रोवून त्यांना लाल कापड बांधावे. पाणी चढले की खांब बुडतात, म्हणून दर पंधरवड्यास खुणा तपासाव्यात. पाहुणे आल्याबरोबर, चहापाण्याआधीच, हा नकाशा त्यांना समजावून सांगावा.

पाण्याची राखण

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार बुडून मृत्यू होण्याचे प्रमाण १ ते ४ वर्षे वयाच्या मुलांत सर्वाधिक आहे. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, कारण त्याचे तोंड पाण्याखाली जात असते. दहा माणसे काठावर असली तरी प्रत्येकाला वाटते की दुसरा पाहत आहे. यासाठी पुढील पद्धत पाळावी :

१) मुले पाण्याजवळ असताना एका प्रौढ व्यक्तीने केवळ राखण करावी. तिच्या गळ्यात शिट्टी द्यावी. अर्ध्या तासाने शिट्टी दुसऱ्याच्या हाती देऊनच जागा सोडावी.
२) राखण करणाऱ्याने मोबाइल पाहू नये व मद्य घेतलेले नसावे. मोठ्या भावंडावर हे काम सोपवू नये.
३) पाच वर्षांखालील मूल हाताच्या अंतरावरच असावे.
४) नावेत बसताना मुलाच्या वजनाचे, दोन पायांमधून पट्टा असलेले जीवरक्षक जाकीट घालावे. हवेच्या फुग्यांवर भरवसा ठेवू नये.
५) काठावर लांब बांबू, दोर व दोराला बांधलेला झाकणबंद रिकामा कॅन कायम ठेवावा. बुडणाऱ्यास आधी बांबू किंवा दोर द्यावा. पोहता न येणाऱ्याने पाण्यात उडी घेऊ नये.

पिण्याचे पाणी व शौचालय

१,००० लिटरच्या टाकीस चांगल्या प्रतीची सुमारे अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते. ती बादलीत कालवून, निवळ वरचे पाणी टाकीत मिसळावे व एक तासाने पाणी वापरावे. पाणी गढूळ असल्यास आधी निवळून घ्यावे. तान्ह्या मुलांसाठी उकळून गार केलेले पाणी द्यावे. जुलाब झाल्यास १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ मिसळून थोडे थोडे पाजावे.

शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर आणि जलाशयाच्या काठापासून त्याहून बराच दूर असावा. कॅराव्हॅनमधील मैला ओढ्यात किंवा धरणात सोडू देऊ नये; तो टाकण्यासाठी स्वतंत्र टाकीची सोय करावी. गाडीस वीज देताना अर्थिंग तपासावे व ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच बसवावा.

रात्रीची काळजी

थंडीच्या दिवसांत शेकोटीतील निखारे किंवा शेगडी तंबूत अथवा बंद गाडीत नेऊ नये. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो आणि झोपलेली माणसे झोपेतच दगावतात. जास्त पांघरुणे व सतरंज्या यजमानाने पुरवाव्यात.

मण्यार रात्री फिरतो व जमिनीवर झोपलेल्यास चावतो. त्याचा दंश फारसा दुखत नाही. पहाटे मुलाचे पोट दुखू लागले व पापण्या जड झाल्या तर सर्पदंशाची शंका घेऊन तत्काळ रुग्णालयात न्यावे. तंबू तळासह शिवलेला व चेन लागणारा असावा. सकाळी बूट झटकून घालावेत. विंचूदंश लहान मुलास अधिक घातक असतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून असे रुग्ण मोठ्या प्रमाणात वाचू लागले आहेत. मात्र उपचार वेळेवर मिळावा लागतो.

विजांचा कडकडाट सुरू होताच मुलांना पक्क्या घरात किंवा बंद गाडीत बसवावे. तंबू विजेपासून संरक्षण देत नाही.

प्रसंग ओढवल्यास

बुडालेल्या मुलास उलटे टांगणे, गरगर फिरवणे किंवा पोट दाबून पाणी काढणे यांत वेळ दवडू नये. श्वास थांबला असल्यास तोंडाने श्वास देणे व छातीवर दाब देणे त्वरित सुरू करावे आणि दुसऱ्या माणसाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मूल सावरले तरी डॉक्टरांना दाखवावेच, कारण त्रास काही तासांनी उद्भवू शकतो. हे कौशल्य वाचून येत नाही. घरातील किमान दोघांनी त्याचे प्रशिक्षण पाहुण्यांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी घ्यावे. जवळचे रुग्णालय, तेथील सर्पदंशाच्या लसीची उपलब्धता व रात्री मिळणारे वाहन यांची माहिती नकाशाच्याच फलकावर लिहावी.

या तयारीतील बहुतेक साहित्य, म्हणजे बांबू, दोर, मुरूम व रंग, शेतकऱ्याच्या घरी किंवा गावातच मिळते. पाण्याखालच्या जमिनीची माहिती मात्र विकत मिळत नाही. ती सांगणारी वडीलधारी माणसे गावात आहेत तोवर, येत्या मे महिन्यातच, ती कागदावर उतरवून घ्यावी.