विश्लेषण : आलिशान ‘स्मार्ट’ घरे घडवणाऱ्यांचे काम संपते तरी कधी?

एका बटणावर पडदे सरकतात, दिवे मंद होतात, एसी सुरू होतो. अशा घरांच्या जाहिराती आता मुंबई-पुण्यापासून अलिबाग आणि गोव्यापर्यंत दिसतात. ही यंत्रणा आखणे आणि उभारणे हा एक स्वतंत्र व्यवसाय आहे. त्यात पैसा आहे, नावीन्य आहे. पण घराचा ताबा दिल्यानंतरही न सुटणारी जबाबदारीही आहे. हा व्यवसाय कसा चालतो, त्यात कोण येते आणि त्यांच्या घरच्या आयुष्यावर त्याचा काय परिणाम होतो, याचा आढावा.

हे नेमके कोणाचे काम?

घराचा आराखडा वास्तुविशारद करतो, सजावट इंटिरियर डिझायनर पाहतो, वायरिंग इलेक्ट्रिशियन करतो. मात्र दिवे, एसी, मोटारीवर चालणारे पडदे, वाय-फाय, संगीत, होम थिएटर, सीसीटीव्ही आणि दरवाजाचे कुलूप हे सारे एकमेकांशी जोडून एका जागेवरून चालवणे यांपैकी कोणाच्याच कामात मोडत नाही. ते करणाऱ्याला या क्षेत्रात ‘सिस्टीम इंटिग्रेटर’ म्हणतात. काही जण फक्त आखणी करतात, काही आखणीपासून देखभालीपर्यंत सगळे सांभाळतात.

ऑनलाइन मागवलेला बल्ब मोबाइलला जोडणे वेगळे आणि हे काम वेगळे. साध्या वायरिंगमध्ये स्विचमधून थेट दिव्याची वीज जाते. ‘केएनएक्स’सारख्या यंत्रणेत भिंतीवरचे बटण फक्त निरोप पाठवते. तो निरोप हिरव्या रंगाच्या बारीक केबलमधून डीबीपर्यंत जातो आणि तिथला रिले दिवा लावतो. त्यामुळे एकच बटण पाच खोल्यांचे दिवे, पडदे आणि एसी एकदम हलवू शकते. महागड्या घरात आणखी एक अट असते : काहीच दिसता कामा नये. स्पीकर छताच्या पीओपीत, वायर भिंतीत, सगळी यंत्रे एका बंद कपाटातल्या रॅकमध्ये. जितके कमी दिसते तितके आत अधिक लपवावे लागते आणि बिघाड शोधणेही तितकेच अवघड होते.

या व्यवसायाची सुरुवात कधी झाली?

जोएल स्पिरा या अमेरिकी संशोधकाने १९५९ मध्ये न्यूयॉर्कमधील राहत्या घरातल्या एका खोलीत प्रयोग करून घरगुती दिव्यांसाठी छोटा डिमर तयार केला. त्याआधी दिवे मंद करण्याची साधने अवजड होती आणि उरलेली वीज उष्णतेत वाया घालवत. १९६१ मध्ये स्पिरा यांनी पत्नी रूथ यांच्यासह ‘लुट्रॉन’ कंपनी सुरू केली. आज आलिशान घरांच्या प्रकाशयोजनेत या कंपनीचे नाव आघाडीवर आहे. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील एका कंपनीने ‘एक्स१०’ हे तंत्र आणले. त्यात घरातल्या विजेच्या वायरमधूनच उपकरणांना संदेश देता येत असे.

१९८९ मध्ये अमेरिकेत ‘सेडिया’ ही संघटना स्थापन झाली आणि घरात यंत्रणा बसवणाऱ्यांना व्यावसायिक म्हणून स्वतंत्र ओळख मिळाली. युरोपात तीन वेगवेगळ्या प्रणाली एकत्र येऊन १९९९ मध्ये केएनएक्सची संघटना उभी राहिली. १९९७ मध्ये बिल गेट्स यांचे वॉशिंग्टन राज्यातील घर पूर्ण झाले. पाहुण्याने लावलेल्या पिनेनुसार खोलीतला प्रकाश, तापमान आणि संगीत बदलण्याच्या तिथल्या सोयीची जगभर चर्चा झाली. श्रीमंतांच्या घराकडून असलेली अपेक्षा तेव्हापासून बदलत गेली.

एका घराचे काम कसे चालते?

पहिला टप्पा कागदावरचा. कोणत्या खोलीत किती दिवे, ते कोणत्या गटात, पडद्याच्या मोटारीला वीज कुठून, वाय-फायची उपकरणे कुठे, हे सगळे नकाशावर मांडले जाते. दुसरा टप्पा भिंती उघड्या असतानाचा. प्लास्टर होण्याआधी झिरी मारून पाइप आणि केबल टाकल्या नाहीत, तर पुढे इटालियन मार्बल किंवा व्हिनियर फोडण्याची वेळ येते. तिसरा टप्पा रॅक उभारण्याचा आणि चौथा प्रोग्रॅमिंगचा.

अडचण अशी की इंटिग्रेटरला अनेकदा उशिरा बोलावले जाते. आधी सुतार, पीओपीवाला, एसीवाला यांची कामे ठरतात आणि मग ‘ऑटोमेशन करायचे आहे’ असे सांगितले जाते. शिवाय प्रोग्रॅमिंग सगळ्यात शेवटी येते. आधीच्या प्रत्येकाला झालेला उशीर शेवटच्याच्या वेळेतून कापला जातो. कारण गृहप्रवेशाचा मुहूर्त हलत नाही. वास्तुशांत दसऱ्याची ठरली असेल तर दसऱ्याला दिवे लागलेच पाहिजेत.

आपल्याकडच्या हवेचा आणि विजेचा प्रश्न वेगळाच. समुद्रकाठच्या खाऱ्या, दमट हवेत जोडण्या गंजतात. विजेचा दाब वरखाली झाला किंवा पावसाळ्यात वीज पडली की नाजूक उपकरणे जळतात. एलईडी दिवा आणि डिमर यांचा मेळ बसला नाही तर दिवे लुकलुकतात. म्हणून अनुभवी डिझायनर ग्राहकाला महागडा टचस्क्रीन दाखवण्याआधी अर्थिंग, सर्ज संरक्षण आणि रॅकमधली हवा खेळती राहण्याबद्दल बोलतो.

या क्षेत्रात येतात कोण?

ठरावीक पदवी नाही. आयटीआयमधून वायरमन किंवा इलेक्ट्रॉनिक्स शिकलेले, डिप्लोमा इंजिनीअर, ध्वनियोजनेची कामे केलेले, सीसीटीव्ही बसवत वर आलेले आणि काही वास्तुविशारदही यात दिसतात. महाराष्ट्रात विजेच्या कामासाठी वायरमन, पर्यवेक्षक आणि ठेकेदार यांना परवाना लागतो. गृह-तंत्रज्ञानाची आखणी करण्यासाठी असा स्वतंत्र परवाना नाही. त्यामुळे दार सर्वांना उघडे आहे. पण चांगले आणि वाईट काम ओळखायला ग्राहकाकडे साधनही नाही.

ही पोकळी प्रमाणपत्रे काही अंशी भरून काढतात. केएनएक्सचा पायाभूत अभ्यासक्रम साधारण आठवडाभराचा असतो आणि शेवटी लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा होते. त्याची मान्यताप्राप्त केंद्रे भारतातही आहेत. सेडियाकडे केबलिंगपासून पूर्ण यंत्रणा जोडण्यापर्यंतची प्रमाणपत्रे आहेत. कंपन्या आपापल्या उत्पादनांचे प्रशिक्षण देतात. तरीही खरे शिक्षण साइटवरच होते. पहिली काही वर्षे केबल ओढणे, तिला क्रमांकाची पट्टी लावणे, रॅक नीट बांधणे यातच जातात. हे काम कंटाळवाणे वाटते. पण पाच वर्षांनी बिघाड शोधताना तीच पट्टी तास वाचवते.

पैसा कुठून येतो?

तीन वाटांनी : उपकरणांवरील नफा, आखणीची फी आणि वार्षिक देखभालीचा करार. आपल्याकडे आखणीसाठी वेगळे पैसे देण्याची सवय कमी आहे. ‘डिझाइन तर फुकटच द्या, सामान तुमच्याकडूनच घेणार आहोत’ ही मागणी नेहमीची. मग फी उपकरणांच्या किमतीत मिसळली जाते. ग्राहक तेच उपकरण ऑनलाइन स्वस्त शोधतो तेव्हा डिझायनरची मेहनत उघड्यावर पडते. शेवटचा हप्ता ‘सगळे नीट चालले की’ मिळणार असतो. पण इथे ‘सगळे नीट’ कधी झाले, हे कोण ठरवणार? एखाद्या खोलीतला दिवा आणखी थोडा मंद हवा, एवढ्यावरून हप्ता महिनोन् महिने अडकू शकतो. छोट्या फर्मच्या मालकासाठी हा थेट घरखर्चाचा प्रश्न असतो.

घरच्या आयुष्यावर काय परिणाम होतो?

या कामाचे वेळापत्रक इतरांच्या विश्रांतीभोवती फिरते. प्रकाशयोजना अंधार पडल्यावरच तपासता येते, त्यामुळे संध्याकाळ साइटवर जाते. ग्राहक घरी असतो तो रविवारी, त्यामुळे त्याची पसंती-नापसंती समजून घेण्याचा दिवसही तोच. दिवाळी, नाताळ आणि ३१ डिसेंबर हे घरोघरी पाहुणे येण्याचे दिवस. यंत्रणेवर सर्वाधिक ताण आणि तक्रारींचे फोनही तेव्हाच. अलिबागच्या बंगल्यात नेटवर्क बंद पडले की पावसाळ्यात गेटवे ते मांडवा लाँचसेवा बंद असते. रो-रो धरा किंवा पेण-वडखळमार्गे गाडी काढा. पंधरा मिनिटांच्या दुरुस्तीसाठी दिवस जातो.

दुरून लॉग-इन करून बिघाड सुधारण्याची सोय आली आणि हा प्रवास काहीसा वाचला. पण त्याच सोयीने कामाची वेळ पुसून टाकली. लॅपटॉप उघडून दोन मिनिटांत होणारे काम रात्री अकरालाही सांगता येते. मुलांच्या शाळेचा कार्यक्रम असो की नात्यातले लग्न, फोन बंद ठेवता येत नाही. दोन-चार माणसांच्या फर्ममध्ये प्रोग्रॅम एकालाच ठाऊक असतो, त्यामुळे त्याला आजारी पडण्याचीही सोय नसते. अनेकांच्या स्वतःच्या घरी मात्र साधेच स्विच असतात. दिव्याखाली अंधार म्हणावा तसा हा प्रकार. पण त्यामागे शहाणपणही आहे. दिवसभर यंत्रणांचे ऐकून आल्यावर आपल्या घराने तरी काही मागू नये, असे वाटणे साहजिक आहे.

विश्वासाचे ओझे किती?

ही माणसे दुसऱ्याच्या घराच्या अगदी आत असतात. कॅमेरे कुठे आहेत, तिजोरी कोणत्या खोलीत, घरचे लोक कधी बाहेरगावी जातात, वाय-फायचा पासवर्ड काय, हे त्यांना कळते. या विश्वासाचा गैरवापर किती थराला जाऊ शकतो, हे अमेरिकेत दिसले. टेक्सासमधील एका तंत्रज्ञाने ग्राहकांच्या खात्यांत स्वतःचा ई-मेल जोडून २०० हून अधिक घरांच्या कॅमेऱ्यांत ९,६०० हून अधिक वेळा डोकावल्याची कबुली दिली. २०२१ मध्ये त्याला ५२ महिन्यांची शिक्षा झाली. म्हणूनच काम संपल्यावर पासवर्ड बदलून घेणे, प्रवेशाची नोंद ठेवणे आणि दुरून जोडणी करण्याआधी परवानगी घेणे हे नियम ग्राहकाइतकेच डिझायनरचेही रक्षण करतात.

कंपनीच बंद पडली तर?

उत्पादन कोणाचेही असो, ग्राहक फोन करतो तो बसवून देणाऱ्यालाच. गुगलच्या मालकीच्या नेस्टने विकत घेतलेली ‘रिव्हॉल्व्ह’ ही यंत्रणा मे २०१६ मध्ये बंद केली आणि लोकांनी पैसे मोजून घेतलेले हब निकामी झाले. एप्रिल २०२२ मध्ये ‘इन्स्टिऑन’चे सर्व्हर पूर्वसूचनेविना बंद पडले. पुढे तिच्याच काही ग्राहकांनी ती कंपनी विकत घेतली. मोठ्या कंपन्यांची मालकीही बदलत असते. ‘कंट्रोल४’ २०१९ मध्ये एका कंपनीकडे गेली आणि २०२४ मध्ये ती कंपनीच ‘रेझिडिओ’ने घेतली. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या ‘मॅटर’ या सामायिक मानकामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे एकत्र चालवणे सोपे होऊ लागले आहे. पण जुन्या घरांतील यंत्रणा त्याने आपोआप बदलत नाही.

महिलांचे स्थान कुठे?

साइटवर त्यांची संख्या आजही कमी दिसते. नवऱ्याने आणलेली यंत्रे बायकोला कितपत चालतील, याची थट्टा करणारा एक शब्दप्रयोग पाश्चात्त्य ध्वनी-नियतकालिकांत १९८०च्या दशकापासून रूढ होता. यंत्रे पुरुषांची आणि पसंती बायकांची, ही समजूत त्यातून दिसते. प्रत्यक्षात घर रोज चालवणाऱ्या व्यक्तीलाच यंत्रणेतील त्रुटी आधी कळतात. आजींना दिवा लावता येतो का, स्वयंपाकाच्या मावशींना कोणते बटण दाबायचे ते समजते का, हे प्रश्न आखणीच्या बैठकीतच विचारले गेले तर नंतरचे निम्मे फोन टळू शकतात. आखणी, प्रकाशयोजना आणि प्रकल्प व्यवस्थापन या वाटांनी महिला या क्षेत्रात येत आहेत. त्यांना वेळी-अवेळी साइटवर जावे लागते. तिथे स्वच्छतागृह आणि सुरक्षित प्रवास या साध्या गोष्टी मिळाल्या तर ही संख्या वाढेल.

मग टिकतो कोण?

सर्वाधिक ब्रँड ठाऊक असणारा नव्हे, तर आपल्यावाचूनही चालेल असे घर बांधणारा. असा डिझायनर प्रत्येक खोलीत यंत्रणा बंद पडली तरी दिवा लागेल असा हाताचा एक स्विच ठेवतो. नकाशा, केबलचे क्रमांक, प्रोग्रॅमची प्रत आणि पासवर्ड ग्राहकाला लेखी देतो. ‘काम पूर्ण’ म्हणजे काय, याची यादी आधीच सही करून घेतो. देखभालीच्या करारात फोनची वेळ लिहितो आणि रात्रीच्या फोनसाठी वेगळा दर लावतो. सहकाऱ्यालाही प्रोग्रॅम शिकवून ठेवतो.

काहींना भीती वाटते की सगळे हातात दिले तर ग्राहक उद्या दुसऱ्याकडे जाईल. काही ग्राहक जातातही. पण सगळे स्वतःच्या डोक्यात ठेवणाऱ्याला सुट्टी मिळत नाही, आणि त्याच्या आजारपणात ग्राहकाचे घर अंधारात बसते. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणांनी नव्या उपकरणांची माहिती घ्यावीच. पण नोकरीच्या मुलाखतीत दोन प्रश्न जरूर विचारावेत : तुमच्या प्रत्येक घराचा नकाशा कागदावर आहे का, आणि रविवारचा फोन कोण उचलतो?