झटक्यानंतर घरी आल्यावर: चालणं, घरकाम आणि मिठाचं पाकीट

मागच्या वेळी आपण रक्तदाबावर बोललो. त्यानंतर पोलादपूरकडच्या एका ताईंनी विचारलं, "सासूबाईंना झटका आला. मुंबईला नेऊन अँजिओप्लास्टी केली, स्प्रिंग टाकली. आता घरी आणलंय. सासरे म्हणतात तिला खाटेवरून हलू देऊ नका. शेजारच्या काकी म्हणतात, स्प्रिंग बसली म्हणजे दुरुस्ती झाली, लावणीला येईल. मी कोणाचं ऐकू?"

ताई, दोघांचंही ऐकू नका. आजचं बोलणं त्यावरच.

आधी झटक्यात काय होतं ते समजून घेऊ. हृदय हा एक स्नायू आहे आणि त्यालाही रक्त लागतं. ते रक्त नेणाऱ्या नळीत वर्षानुवर्षं चरबीचा थर बसतो. एखाद्या दिवशी तो थर फुटतो, तिथे रक्ताची गुठळी होते आणि नळी बंद पडते. पलीकडच्या स्नायूला रक्त मिळालं नाही की तो काही तासांत मरतो.

आपल्या महाडला हृदयाचा एक वेगळा आजार चांगला ठाऊक आहे, तो म्हणजे लाल विंचवाचा दंश. त्याच्या विषाने हृदयावर इतका ताण येतो की फुप्फुसात पाणी भरतं आणि माणूस दगावतो. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि पुढे महाडला काम करताना डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी हे दुखणं बारकाईने पाहिलं, १९८२ साली 'लॅन्सेट' या मासिकात त्यावर लिहिलं आणि प्राझोसिन ही साधी गोळी वापरून असंख्य जीव वाचवले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हे आज सांगायचं कारण असं, की विंचवाच्या विषाने दमलेलं हृदय वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक वेळा काही दिवसांत पूर्वपदावर येतं. झटक्यात मेलेला भाग मात्र परत जिवंत होत नाही. तिथे व्रण राहतो आणि उरलेल्या स्नायूला जास्त काम करावं लागतं. आपल्याकडे "तो नाही का, विंचू चावून मरता मरता वाचला, आठवड्यात शेतावर गेला" अशी उदाहरणं देतात. ती झटक्याच्या रुग्णाला लावू नका.

स्प्रिंग नळीतली एक जागा उघडी ठेवते. बाकीच्या नळ्यांतला थर तसाच असतो. तो वाढू नये म्हणून गोळ्या, जेवण आणि चालणं. आणि उरलेल्या स्नायूला कामाची सवय व्हावी म्हणून पुन्हा चालणंच. खाटेवर पडून राहिलं की पायांतली ताकद जाते, भूक जाते, मन खचतं, आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती वाढते ती वेगळीच.

आता चालायचं कसं? डॉक्टरांनी घरी सोडताना काही वेगळं सांगितलं नसेल तर पहिल्या आठवड्यात अंगणात किंवा पडवीत ५ मिनिटं, दिवसातून दोन-तीन वेळा. दर आठवड्याला त्यात ४-५ मिनिटं वाढवायची. दीड महिन्यात अर्धा तास सलग चालता आलं तर उत्तम. पुढे आठवड्यातले किमान ५ दिवस अर्धा-अर्धा तास, म्हणजे १५० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना सगळ्याच मोठ्या माणसांना एवढं चालायला सांगते. जेवल्यावर लगेच नको, तासभर जाऊ द्या. वैशाखातल्या दुपारी नको.

वेग किती ठेवायचा यासाठी घड्याळ लागत नाही. चालताना शेजारणीशी बोलता आलं पाहिजे, पण ओवी म्हणता येऊ नये. ओवी म्हणता येत असेल तर थोडं भरभर चाला. बोलतानाच धाप लागत असेल तर हळू व्हा.

आपली अडचण ही की सपाट रस्ता मिळतोच कुठे? वाडीतून बाहेर पडलं की एकीकडे चढ, एकीकडे उतार. सुरुवातीचे काही आठवडे शाळेचं मैदान, देवळाचा सभामंडप, नाहीतर पडवी, अशी सपाट जागा धरा. पावसाचे चार महिने तर पडवीच. तिथल्या फेऱ्या कंटाळवाण्या होतात हे खरं, त्यासाठी रेडिओ लावा. चढ नंतर सुरू करायचा, तोही थांबत थांबत. वर पोचल्यावर दम किती लागतो हे दर आठवड्याला बघा, सुधारणा तिथेच कळते.

"घरात एवढं राबते, आणखी चालायचं कशाला?" हा प्रश्न बचत गटात हमखास येतो. घरकामाने अंग मोडतं, पण त्यात उठणं-बसणं, थांबणं, वाकणं असं तुटक तुटक चालतं. हृदयाला हवी असते ती एकसारखी, अर्धा तास चालणारी हालचाल. शिवाय आपली काही कामं अशी आहेत की ज्यात आपण श्वास कोंडतो. भरलेला हंडा उचलताना, डोक्यावर मोळी चढवताना, विहिरीचा रहाट ओढताना दात-ओठ आवळून जोर लावतो, त्या क्षणी रक्तदाब एकदम चढतो. १५ लिटरचा हंडा म्हणजे भांडं धरून १६-१७ किलो. पहिले दोन महिने हंडा नकोच. अर्धी भरलेली लहान कळशी आणा, दोन खेपा जास्त होतील. बायपास झाली असेल तर छातीचं हाड कापून जोडलेलं असतं. ते जुळायला दोन-तीन महिने लागतात, तोवर तान्ह्या नातवालाही उचलून घ्यायचं नाही. बसा आणि कोणीतरी मांडीवर देऊ दे.

लावणीचं काय? दिवसभर वाकून, चिखलात, डोक्यावर पाऊस. वाकल्यावरून उठलं की रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे चक्कर येते. झटका आल्याच्या वर्षी लावणी सोडावी असं माझं मत आहे. पुढच्या वर्षी डॉक्टर हो म्हणाले तर अर्धा दिवस. मला माहीत आहे, हे सांगणं सोपं आहे. मुलगा मुंबईला, सून आणि सासू दोघीच शेतात, मजूर मिळत नाही. पण इथे गट कामाला येऊ शकतो. तिच्या वाट्याच्या दोन दिवसांच्या लावणीला गटातल्या चौघी गेल्या, आणि तिने त्या दिवशी बांधावर कोणाची लेकरं सांभाळली, तर ते इरजिकच झालं. जुनी रीत आहे आपली.

योगासनांबद्दलही विचारतात. २०२० मध्ये आपल्याच देशातल्या २४ रुग्णालयांमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. झटका येऊन गेलेल्या ३,९५९ रुग्णांपैकी निम्म्यांना हलकी आसनं, श्वासाचे व्यायाम आणि ध्यान शिकवलं. त्यांना जास्त बरं वाटलं आणि रोजच्या कामाला ते जास्त प्रमाणात परतले. पुन्हा झटका येणं किंवा मृत्यू यांत मात्र ठामपणे सांगता येईल असा फरक दिसला नाही. म्हणून योग जरूर करा, पण गोळ्यांच्या जागी नाही. श्वास रोखून धरण्याचे प्रकार आणि शीर्षासन टाळा.

आता जेवण, आणि जेवणात आधी मीठ. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं आणि रक्तदाब वाढवतं. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे जेमतेम एक लहान चमचा मीठ पुरे. चमचे कोण मोजणार? आपण पाकीट मोजू. घरात ५ मोठी माणसं असतील तर दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे किलोचं पाकीट निदान ४० दिवस चाललं पाहिजे. मिठाचं पाकीट फोडाल त्या दिवशी त्यावर पेनाने तारीख लिहा. संपेल त्या दिवशी बघा. २०-२५ दिवसांत संपत असेल तर मीठ दुप्पट जातंय. लोणची, पापड घालायला काढलेलं मीठ वेगळं मोजा.

खरं मीठ लपलेलं असतं ते बरण्यांत आणि डब्यांत. पोह्याचे पापड, मिरगुंडं, फेण्या, खारातल्या मिरच्या, लोणचं, सुकट, सुके बोंबील. पावसाळ्यात भाजी नसते तेव्हा आपलं जेवण यांवरच चालतं. सुकी मासळी अजिबात नको म्हणायला माझी जीभ धजत नाही. पण ती कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, पाणी टाकून, पुन्हा दोनदा धुऊन घ्या. कालवणात वरून मीठ घालू नका. आठवड्यातून एखाद्या वेळीच, आणि ज्यांच्या पायाला सूज येते किंवा हृदय कमजोर आहे असं सांगितलंय त्यांनी तीही नको. भाकरीच्या उकडीत आणि भातात मीठ घालण्याची सवय सोडता येते, दोन-तीन आठवड्यांत जीभ बदलते. चवीला कोकम, लिंबू, लसूण, ओली मिरची आहेच.

सैंधव चालतं का? नाही. सैंधवही मीठच. बाजारात कमी सोडियमचं मीठ येतं, त्यात पोटॅशियम असतं. चीनमधल्या ६०० गावांत सुमारे २१ हजार लोकांवर त्याचा अभ्यास झाला, २०२१ मध्ये निकाल आला, आणि त्या मिठाने पक्षाघात कमी झाले. पण ज्यांची किडनी कमजोर आहे किंवा ज्यांना हृदयासाठी काही ठरावीक गोळ्या चालू आहेत, त्यांच्या रक्तात पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. झटक्यानंतरच्या बऱ्याच रुग्णांना नेमक्या त्याच गोळ्या असतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

तेलाचं गणित असंच. माणशी महिन्याला साधारण अर्धा लिटर. वनस्पती तूप, आणि तेच तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवणं बंद. खारी, टोस्ट, बटर रोज चहाबरोबर नकोत. ओल्या खोबऱ्याचं वाटण आपल्याला लागतंच, पण मूठभराऐवजी चमचाभर घाला.

बाकी आपल्या घरातलंच अन्न चांगलं आहे. ताटाचा अर्धा भाग भाजी, पाव भाग डाळ-कडधान्य किंवा मासे, आणि पाव भागच भात किंवा भाकरी. आपल्याकडे नेमकं उलटं असतं, भाताचा डोंगर आणि कडेला चिमूटभर भाजी. तांदळाच्या दोन भाकऱ्यांतली एक नाचणीची करा. कुळथाची पिठी, वालाची आमटी, मूग, चवळी रोज काहीतरी असू दे. पावसाच्या सुरुवातीला टाकळा, भारंगी, कुर्डू फुकट मिळते ती खा. ताजे बांगडे, तारल्या स्वस्त असतात आणि त्यांतलं तेल हृदयाला चांगलं. मात्र तळून नको, कालवण करा. ज्यांची हृदयाची झडप बदलली आहे आणि रक्त पातळ करायची खास गोळी चालू आहे, त्यांनी पालेभाजी एकदम वाढवू किंवा कमी करू नये, त्याने गोळीचा परिणाम बदलतो.

मशेरीबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. "मी तंबाखू खात नाही हो, फक्त मशेरी लावते," असं डॉक्टरांनाही सांगतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. हिरडीतून ती रक्तात जाते, नाडी आणि रक्तदाब वाढवते. शंभर दिवस नाचणी खाल्ली आणि सकाळी मशेरी लावली तर काय उपयोग? सोडताना पहिले काही दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, शौचाला होणार नाही. ते जातं. घरातल्या एकीने सोडायची आणि दुसरीने समोर बसून लावायची असं करू नका, दोघींनी मिळून सोडा.

गोळ्यांचं सांगते. स्प्रिंग टाकल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या बहुधा वर्षभर असतात, पुढे त्यांतली एक कायम. "बरं वाटतंय" म्हणून त्या सोडल्या तर स्प्रिंगमध्येच गुठळी होऊन दुसरा झटका येतो. दात काढायचा असेल तरी आधी विचारा. उपवासालाही गोळी घ्यायची, आणि मधुमेह असेल तर उपवास करायचा की नाही हे डॉक्टरांशी ठरवा. २२ जुलै २०२१ आठवा. महाडची बाजारपेठ पाण्याखाली, तळियेवर दरड, रस्ते बंद. अशा दिवशी गोळी कुठून आणणार? जून ते सप्टेंबर घरात नेहमी १५ दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या ठेवा. प्लास्टिकच्या घट्ट डब्यात, वरच्या फळीवर, आणि चिठ्ठीचा फोटो दोघांच्या मोबाइलमध्ये.

एक प्रश्न बायका विचारत नाहीत, म्हणून मीच सांगते. नवरा-बायकोचे संबंध पुन्हा सुरू करता येतात. न थांबता, छातीत न दुखता दोन जिने चढता येत असतील तर बहुधा हरकत नसते, पण तपासणीच्या वेळी विचारून घ्या.

चालताना किंवा काम करताना छातीत दाब, जबडा-हात-पाठीत कळ, धाप, गरगर, थंड घाम यांतलं काही झालं तर तिथेच बसा. बायकांमध्ये पुष्कळदा छाती दुखतच नाही, नुसती मळमळ आणि थकवा येतो, आणि आपण "पित्त झालं" म्हणून सोडा पिऊन झोपतो. एकदा झटका आलेल्या बाईला असं झालं तर पित्त म्हणायचंच नाही. जिभेखाली ठेवायची गोळी दिली असेल तर आधी बसा आणि मग ठेवा, उभ्याने घेतली तर चक्कर येऊन पडाल. ५ मिनिटांत थांबलं नाही तर १०८ ला फोन. वाडीपर्यंत गाडी येत नसेल तर रुग्णाला चालवत खाली आणू नका. खुर्चीत किंवा डोलीत बसवून आणा.

रोज सकाळी चूळ भरण्याआधी वजन करता आलं तर करा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, पायावर सूज आली किंवा रात्री आडवं झाल्यावर दम लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवा.

आणि पोलादपूरच्या ताई, सासूबाईंना उद्या सकाळी पडवीत पाच मिनिटं चालवा. सोबत सासऱ्यांनाही घ्या.