एका एकराचा अधिकार

मुरुमच्या शिवारात विहीर खणू लागले म्हणजे त्या भूमीचा ताळेबंद आपोआप उघडा पडतो. वर काळी माती, तिच्याखाली मुरमाचा थर आणि त्याखाली बेसाल्टचा कठीण कातळ. पाणी साठते ते मुख्यतः त्या मुरमात आणि कातळाच्या भेगांत. ही कोठी उथळ आहे. एका चांगल्या पावसाने ती भरते आणि चार महिन्यांच्या बेसुमार उपशाने रिकामी होते. म्हणूनच गावाने एकत्र येऊन समतल चर खणावेत, बांध घालावेत, नाले अडवावेत, हे योग्यच होय. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे ज्यांनी पाहिले त्यांना श्रमदानाचे महत्त्व निराळे सांगावयास नको.

परंतु श्रमदान हा निम्माच हिशेब आहे. गावाने कुदळीने मिळविलेले पाणी कोणाच्या तरी उसाने पिऊन टाकले, तर पुढील वर्षी पुन्हा कुदळच हाती घ्यावी लागणार. हिवरे बाजारचे यश केवळ चरांच्या लांबीत नाही. तेथील ग्रामसभा पडलेल्या पावसाचे माप घेऊन पाण्याचा अंदाज मांडते, त्यानुसार पिके ठरविते आणि सिंचनासाठी कूपनलिका घेऊ देत नाही. जमा वाढविण्याइतकाच खर्च आवरणे हाही सामुदायिक उद्योगच आहे, हा त्याचा अर्थ.

मग आपल्या घरात हा खर्च कोण ठरवितो? शेतात निंदणी, खुरपणी, काढणी स्त्रियांच्या हाताने होते. कोणते पीक घ्यावयाचे, हे मात्र त्यांना विचारले जात नाही. या जिल्ह्याने याला एक उत्तर शोधले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर उमरगा आणि औसा तालुक्यांतील गावांची पुनर्बांधणी सुरू झाली. त्या कामात स्त्रियांचे गट उभे करणाऱ्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने पुढे दुष्काळी वर्षांत एक साधी योजना मांडली. घरच्या जमिनीतील अर्धा ते एक एकर स्त्रीकडे द्यावा. तेथे तिने ज्वारी, तूर, मूग, उडीद, भाजीपाला घ्यावा. घरचे बी राखावे. शेणखत आणि गांडूळखत स्वतः तयार करावे. पाणी थोडे, रोखीचा खर्च थोडा, आणि घरात अन्न आधी. या कार्याला २०१६ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले.

एका एकराने दुष्काळ हटणार काय, असे कोणी उपहासाने विचारील. दुष्काळ हटणार नाही. पण सोयाबीन बुडाले त्या वर्षी चूल पेटती राहील. शिवाय शेजारणींनी एकमेकींचे बी आणि अनुभव वाटून घेतले, तर एका एकराचे शहाणपण उरलेल्या शिवारातही पोचेल.

तथापि या प्रयोगाची एक बाजू लंगडी आहे. तो एकर स्त्रीला मिळतो तो बहुधा घरच्यांच्या मर्जीने. दर वाढले, नवी पाइपलाइन आली, की तो परत घेण्यास कोणाची आडकाठी? तीन-चार वर्षे खत घालून जिने माती सुधारली, तिला उद्या बांधावर उभे राहून तेथे ऊस लागलेला पाहावा लागेल. जिथे मालकी नाही, तिथे पुढच्या पिढीसाठी माती जपा, हा उपदेश पोकळ ठरतो.

हा विचार नवा नाही. १९८६ साली चांदवड येथे महिला अधिवेशन भरविणाऱ्या शेतकरी संघटनेने पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम हाती घेतला आणि पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचे आवाहन शरद जोशी यांनी शेतकऱ्यांना केले. पत्नीचे नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लावण्याची वाट शासनानेही मोकळी केलेली आहे. उणीव आहे ती घरातल्या पुरुषांच्या मनाची.

मुरुम आणि भोवतालच्या गावांनी उन्हाळ्यात श्रमदान अवश्य करावे. त्याबरोबरच, आपल्या गावात किती स्त्रियांची नावे सातबाऱ्यावर आहेत, हे ग्रामसभांनी एकदा जाहीरपणे वाचून दाखवावे. ज्या हातांनी खड्डे खणले, त्या हातांना पीक ठरविण्याचाही अधिकार मिळाला, तरच मुरमात मुरलेले पाणी टिकेल.