दर्याचा सेनापती आणि खलाशाचा पगार

मिखील द रॉयटर हे नाव गोदाकाठच्या आपल्या मंडळींपैकी फार थोड्यांच्या कानावर गेले असेल. हॉलंडचा हा आरमारी सेनापती १६०७ साली फ्लिसिंगन बंदरात एका गरीब घरी जन्मला. त्याच्यावर रूल राइने या दिग्दर्शकाने काढलेला बोलपट २०१५ साली प्रदर्शित झाला. द रॉयटरची भूमिका फ्रांक लामर्स या नटाने केली आहे. डच भाषा मला येत नाही. पडद्याखालची इंग्रजी वाक्ये वाचीत, अडले तेथे थांबवून शब्दकोश पाहत, मी तो दोनदा पाहिला. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर दादासाहेब फाळके नाशकात आले आणि पुढचे मूकपट त्यांनी येथे काढले. तेव्हा पडद्यावरची लढाई आणि खरी लढाई यांतला फरक नाशिककरांना मी समजावून सांगावा असे नाही. मला सांगायचे आहे ते निराळेच. आरमाराची लढाई तोफेने जिंकली जाते असे पडद्यावर दिसते. तिचा निकाल मात्र पुष्कळदा पगाराच्या वहीत आधीच लागलेला असतो.

प्रथम या माणसाविषयी. लहानपणी तो दोरखंडाच्या कारखान्यात चाक फिरवीत असे. तागाचे पेळू ओढीत कामगार मागे मागे चालत जातो आणि दुसऱ्या टोकाला पोराने चाक फिरवून त्या दोराला पीळ द्यायचा, असे ते काम. अकराव्या वर्षी तो जहाजावर गेला आणि पुढे हॉलंडच्या साऱ्या आरमाराचा मुख्य झाला. खलाशी त्याला ‘बेस्टेव्हार’, म्हणजे आपल्या भाषेत ‘आजोबा’, म्हणत. साहेबाला कामगार आजोबा म्हणू लागले, तर त्या कारखान्यात काहीतरी वेगळे चाललेले असते एवढे मी अनुभवाने सांगतो.

आता बोलपटातला सर्वांत गाजलेला प्रसंग घेऊ. १६६७च्या जूनमध्ये डच आरमार लंडनजवळच्या मेडवे नदीत शिरले. नदीवर आडवी लोखंडी साखळी ताणलेली होती, ती त्यांनी तोडली. नांगरून ठेवलेली मोठमोठी इंग्रज जहाजे जाळली. आणि ‘रॉयल चार्ल्स’ हे खुद्द राजाच्या नावाचे जहाज ओढून हॉलंडला नेले. त्या जहाजाच्या पिछाडीवरचे राजचिन्ह आजही ॲम्स्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात भिंतीवर आहे. पडद्यावर हा प्रसंग मोठा देखणा आहे. पण पाहणाऱ्याने एक साधा प्रश्न विचारावा: ऐन लढाईच्या काळात इंग्लंडची एवढी मोठी जहाजे माणसांवाचून, बिनशिडाची, नदीत उभी का होती?

उत्तर असे की, खजिन्यात पैसा नव्हता. १६६५ साली लंडनमध्ये प्लेग झाला, १६६६ साली शहराला आग लागली, आणि उरलेले दरबाराने उडवले. खलाशांना रोख पगाराऐवजी चिठ्ठ्या मिळत. चिठ्ठी घेऊन कचेरीत जावे, तर कारकून म्हणे ‘नंतर या’. घरी चूल पेटायची म्हणून खलाशी ती चिठ्ठी गुत्तेवाल्याला किंवा दलालाला पडेल त्या भावाने विकी. १६६६च्या जुलैत शेकडो बायका आरमाराच्या कचेरीच्या अंगणात येऊन बसल्या. त्यांचे नवरे हॉलंडात कैदेत होते आणि घरी पैसा नव्हता. त्या कचेरीतला अधिकारी सॅम्युअल पीप्स रोजनिशी लिहीत असे, म्हणून हे आपल्याला कळते. त्याच रोजनिशीत त्याने पुढच्या वर्षीची एक ऐकीव हकीकत टिपून ठेवली आहे: मेडवेत शिरलेल्या डच जहाजांवरून इंग्रजी आवाज ऐकू येत होते, आणि ते इंग्रज खलाशी ओरडून सांगत होते की, इतके दिवस आम्ही चिठ्ठ्यांसाठी लढलो, आता रोकड्यासाठी लढतो.

या माणसांना देशद्रोही म्हणणे सोपे आहे. सातपूर-अंबडच्या बाजूला माझी तीस वर्षे गेली. एका कारखान्यात, नाव घेत नाही, पाच महिने पगार थकला होता आणि व्यवस्थापक दर सोमवारी निष्ठेवर भाषण देत असे. निष्ठा नव्हती असे नाही. दुधवाल्याचे बिल मात्र निष्ठेवर भागत नव्हते. डचांकडे आरमारात माणसे भरती होत ती पगारावर आणि आपखुशीने. इंग्रजांकडे बंदराच्या गल्लीतून माणूस धरून जहाजावर चढवीत. सक्तीने आणलेला आणि वर न दिलेल्या पगाराचा, असा माणूस साखळीचे रक्षण किती करणार?

बोलपटाचा भर यावर नाही. तो सेनापतीची हिंमत, दरबारातली कारस्थाने, १६७२ साली हेगमध्ये जमावाने द विट बंधूंचा केलेला अमानुष खून, आणि अखेर १६७६ साली अपुरे आरमार देऊन भूमध्य समुद्रात पाठवलेल्या द रॉयटरचा मृत्यू, या वाटेने जातो. त्याला माझी तक्रार नाही. दोन-अडीच तासांत किती मावणार? पण एका गोष्टीवरून हॉलंडातच निदर्शने झाली, ती सांगितली पाहिजे. १६६४-६५ साली द रॉयटरने आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरची ठाणी इंग्रजांकडून परत घेतली. त्या ठाण्यांवरून माणसांचा, गुलामांचा, व्यापार चाले. ज्यांचे पूर्वज त्या व्यापारात विकले गेले, त्यांच्यातले लोक या बोलपटाच्या वेळी विचारू लागले की, हा वीर कोणाचा? दुसऱ्या बाजूला हेही खरे की, १६७६ साली याच माणसाने नेपल्सच्या वल्हेकरी जहाजांवर साखळदंडात जखडलेले हंगेरीचे सव्वीस धर्मोपदेशक सोडवले. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत, आणि त्या एकमेकींना खोडीत नाहीत.

येथे आपल्या मुलुखाकडे वळू, कारण द रॉयटर आणि शिवाजीमहाराज हे समकालीन होते. कर्नाटकच्या स्वारीत, १६७७ साली, महाराजांनी डचांना व्यापाराचा कौल दिला. त्यात माल आणि जकात यांच्या कलमांबरोबर एक कलम असे आहे की, पूर्वीच्या अमलात तुम्ही स्त्री-पुरुष गुलाम म्हणून विकत घेत होता, विकत होता; माझ्या अमलात ते चालणार नाही, आणि केलेच तर माझी माणसे आडवी येतील. ॲम्स्टरडॅमच्या निदर्शकांना हा कागद कोणी दाखवला होता की नाही, कोण जाणे.

मेडवेच्या पराभवाचा आणखी एक धागा थेट मुंबईला येतो. ज्या दुसऱ्या चार्ल्स राजाचे जहाज डचांनी नेले, त्यालाच पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई आंदण मिळाली होती. मेडवेनंतर दुसऱ्याच वर्षी, १६६८ साली, त्याने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. खर्च झेपत नव्हता. पुढे १६७९ साली मायनाक भंडारी याने मुंबईच्या तोंडावरचे खांदेरी बेट धरले आणि तेथे तट चढवायला सुरुवात केली. त्याला हुसकावण्यासाठी कंपनीने जे आरमार पाठवले, त्याचा प्रमुख रिचर्ड केग्विन. हा १६७३ साली सेंट हेलेना बेट डचांकडून परत घेण्यात पुढे होता. म्हणजे डच युद्धातला कसलेला गडी. पण दौलतखानाची लहान गलबते रात्री उथळ पाण्यातून, खडकांच्या आडून, सामान घेऊन बेटावर जात. इंग्रजांची मोठी जहाजे तेथे वळू शकत नसत. ऑक्टोबरात तर मराठ्यांनी त्यांचे ‘डव्ह’ हे जहाजच पकडले. खांदेरी महाराजांकडे राहिली.

पुढची गोष्ट बखरीच्या पुस्तकांत सहसा येत नाही. चारच वर्षांनी, १६८३च्या डिसेंबरात, याच केग्विनने मुंबईत कंपनीविरुद्ध बंड केले आणि शहर जवळजवळ वर्षभर ताब्यात ठेवले. कारण? लंडनच्या संचालकांनी फौजेचा खर्च आणि पगार कापले. केग्विनने संभाजीमहाराजांशी तहही केला. बंड करणारे गोरे होते, म्हणून त्याला संप म्हणायचे कोणाला सुचले नाही.

मराठ्यांच्या बाजूला या प्रश्नाचा विचार झालेला दिसतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे सुमारे १७१५च्या सुमारास, आरमाराचे स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात गुराबा किती, गलबते किती, हे तर आहेच. पण मला महत्त्वाचे वाटते ते पगाराचे कलम: आरमाराचा तनखा मुलुखाच्या वसुलातून नेमून द्यावा, बंदराच्या कमाईवर आरमार सोडू नये, कारण मग आरमारी लोक सावकारांना नाडतील आणि बंदरच बुडेल. पगार बांधून दिला नाही तर माणूस लुटीवर जगू लागतो, हे या ब्राह्मण मुत्सद्द्याला पक्के ठाऊक होते. लाकडाविषयीही तसेच: साग तोडा, पण आंबा, फणस यांना हात लावू नका, रयतेने ती झाडे लेकरांप्रमाणे वाढवलेली असतात. जीर्ण झाड लागलेच तर मालकाला राजी करून, पैसे देऊन घ्या.

या व्यवस्थेतूनच सरखेल कान्होजी आंग्रे उभे राहिले. १७१८ साली इंग्रजांचा खांदेरीवरचा हल्ला फसला, १७२१ साली इंग्रज-पोर्तुगीज मिळून अलिबागेस कुलाब्यावर आले तेही परतले. डचांनी १७२४ साली सात लढाऊ जहाजे, तोफगोळ्यांची दोन गलबते आणि फौज घेऊन विजयदुर्गावर चाल केली. हात हलवीत गेले. १७५४ साली तर तुळाजी आंग्र्यांनी तीन डच जहाजे गाठून दोन मोठी जाळली आणि तिसरे धरून आणले. ज्या राष्ट्राने मेडवेची साखळी तोडली, त्याची ही गत कोकणच्या कोळी, भंडारी, गाबीत, दालदी खलाशांनी केली. दोनच वर्षांनी, १७५६ साली, नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांना साथीला घेऊन आपलेच आरमार विजयदुर्गात जळू दिले. त्यावर बोलू लागलो तर ही सभा रात्रभर चालेल.

मराठी पडद्यावर इतिहास चढतो तो बहुधा घाटमाथ्याने. गड, खिंडी, घोडे. दर्या खर्चिक असतो हे मान्य. पण मग आंग्र्यांचे नाव पडद्यावर दिसते कोठे? २००७ सालच्या एका हॉलिवूडपटात, चाचे सरदारांच्या घोळक्यात, एक विचित्र आवाजाचा ‘संभाजी आंग्रिया’! कान्होजींचे दस्तक न घेता जाणारे जहाज पकडले की इंग्रज त्यांना चाचा म्हणत. ती शिवी तीनशे वर्षे पुरली. उद्या कोणी कान्होजींवर बोलपट काढलाच, तर तोफा हव्या तितक्या उडवाव्या. पण एक प्रसंग कुलाब्याच्या फडावरचा असावा. तांडेल रांगेत उभे आहेत, कारकून नावे पुकारतो आहे आणि नाणी मोजली जात आहेत. कुठे राळ तापते आहे, कोणी फळ्यांच्या फटीत कापूस ठोकतो आहे, कोणी काथ्याचा दोर वळतो आहे.

आणि आरमाराच्या पगाराची गोष्ट अठराव्या शतकात संपली नाही. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत ‘तलवार’ या आरमारी तळावरच्या खलाशांनी निकृष्ट जेवणावरून काम बंद केले. हां हां म्हणता ७८ जहाजे आणि सुमारे वीस हजार खलाशी त्यात आले. गोऱ्या खलाशांइतका पगार, धड अन्न, आणि शिवीगाळ करणाऱ्या अधिकाऱ्यावर कारवाई या त्यांच्या मागण्या होत्या. आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका हीही होती. २२ तारखेला मुंबईच्या गिरणी कामगारांनी त्यांच्यासाठी गिरण्या बंद ठेवल्या, आणि त्या दिवसांच्या गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे रस्त्यावर मेली. २३ तारखेला, पुढाऱ्यांच्या सांगण्यावरून, खलाशांनी शरणागती पत्करली. ज्यांना नोकरीवरून काढले, त्यांना स्वतंत्र भारताच्या आरमारातही परत घेतले गेले नाही.