गव्हाणीपाशी दहा मिनिटं



दरवर्षी ४ मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो. १९६६ साली याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. १९७२ पासून हा दिवस पाळतात. बिल्ले लागतात, शपथ होते. चांगलंच आहे. पण तोवर गळीत हंगाम उतरणीला लागलेला, आणि केनयार्डातला गाडीवान त्या सभेत असतो कुठं?

म्हणून काम चालतं तिथंच, पाळी सुरू होताना, दहा मिनिटं सगळ्यांनी एकत्र उभं राहावं. कामगार, ट्रॅक्टरचालक, मुकादम, सगळे. भाषण नको. गव्हाण थांबवायची दोरी कुठं आहे, ती एकेकानं हात लावून दाखवावी. काल कुणाचा पाय घसरता घसरता वाचला, ते त्यानंच सांगावं. त्यावर रागवायचं नाही, नाहीतर उद्या तोंड कोण उघडील?

मळीच्या टाकीचा सराव तर हवाच. आत प्राणवायू कमी, हवा विषारी असू शकते. एक पडला की दुसरा धावून उतरतो, नि तोही जातो. उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा नि दोर आधीच हवा. वरच्यानं आरडाओरडा करून माणसं जमवावी, दोरानं ओढावं, पण स्वतः उतरू नये. हे ऐकून जमत नाही, करून करूनच अंगवळणी पडतं.

आता आपलं. ट्रॉली तर आपल्यातल्याच कुणाची असते. मागं रिफ्लेक्टर आहे का? रात्री यार्डात ऊसतोड मजुराचं लेकरू चाकाशी झोपलेलं असू शकतं. ट्रॉली हलवण्याआधी खाली उतरून वाकून बघायचं, हे आपण आपल्या चालकाला कधी सांगितलंय का?